अंधांचे संगणक-प्रशिक्षण

अंधांचे संगणक-प्रशिक्षण : पडदा डोळ्यांनी न पाहता संगणक हाताळता यावा आणि संगणकावरच मांडलेला एखादा अभ्यासक्रम दुसऱ्याच्या मदतीवाचून पुरा करता यावा, यासाठी योजलेली प्रशिक्षणपद्धती. अशा अभ्यासक्रमात पाठ, प्रात्यक्षिके व परीक्षा यांची मांडणी मुळातच अशी करावी लागते, की तीतील प्रत्येक गोष्ट वाचेद्वारे ऐकता यावी, बोटांना ब्रेलमध्ये वाचता यावी व केवळ कळफलकाने चालविता यावी. अशा मांडणीला ‘सुगम’ ही संज्ञा रूढ झाली आहे. बधिरांसाठी ध्वनीबरोबर लिखित मजकूर देणे, मंददृष्टीच्या व्यक्तींसाठी ठळक रंगभेद व अक्षरे मोठी करण्याची सोय ठेवणे, हातांच्या हालचालींवर मर्यादा असणाऱ्यांना पुरेसा वेळ देणे या गोष्टीही सुगमतेतच मोडतात. तथापि मराठी भाषकांच्या दृष्टीने सुगमतेचा इतिहास प्रामुख्याने अंधांच्या शिक्षणाशी व देवनागरी अक्षरांच्या संगणकीय संकेतनाशी निगडित आहे.

पूर्वेतिहास : भारतातील पहिली अंधशाळा अमृतसर येथे १८८७ मध्ये निघाली. महाराष्ट्रात मुंबई येथे अमेरिकन मिशनने १९०० मध्ये अंधांसाठी शाळा सुरू केली. तिचेच पुढे दादर अंधशाळेत रूपांतर झाले. व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा १९०२ मध्ये स्थापन झाली. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था १९५२ मध्ये मुंबईतच निघाली. या शाळांतून वाचन, लेखन व गणित यांबरोबर संगीत, वेतकाम, विणकाम यांसारखे हस्तव्यवसाय शिकविले जात. टंकलेखन व दूरध्वनियोजन हे त्यांतले कार्यालयात शिरकाव करून देणारे व्यवसाय. टंकलेखनात कळांच्या जागा बोटांना पाठ झाल्या, की डोळ्यांचे काम उरत नाही. दूरध्वनियोजनात तर कान हेच मुख्य साधन. सरकारी कचेऱ्या व बँका यांमधून अनेक अंध व्यक्ती दूरध्वनियोजक म्हणून काम करीत असत. स्वयंचलित यंत्रणा आल्यावर दूरध्वनियोजकाचे टेबलच नाहीसे होऊ लागले व टंकलेखनयंत्राची जागा संगणकाने घेतली. हक्काचे दोन व्यवसाय असे एकाच यंत्रामुळे मागे पडले आणि उरलेल्या कार्यालयीन कामासाठी तेच यंत्र शिकणे भाग पडले.

मराठवाड्याची परिस्थिती याहून वेगळी होती. लातूर, नांदेड, बीड, उस्मानाबाद हा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता व तेथील उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मुंबई-पुण्याच्या अंधशाळांतील मराठी शिक्षणाची परंपरा या भागापासून राजकीय सीमेनेही तुटलेली होती. मराठवाडा १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. तोवर ब्रेलच्या इतिहासातही एक महत्त्वाची घटना घडून गेली होती.

लूई ब्रेल (१८०९–५२) याने तयार केलेली सहा बिंदूंची लिपी भारतात आली, तेव्हा निरनिराळ्या प्रांतांत तिच्या निरनिराळ्या संहिता निर्माण झाल्या. एका संहितेत शिकलेल्याला दुसरीतील पुस्तक वाचता येत नसे. युनेस्कोच्या पुढाकाराने १९५१ मध्ये बैरूत येथे झालेल्या परिषदेनंतर भारतीय भाषांसाठी ‘भारती ब्रेल’ ही एकच संहिता मान्य झाली. तिचे तत्त्व असे, की अक्षराच्या आकाराचा विचार न करता उच्चाराचा विचार करावयाचा. देवनागरीत ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना व्यंजनाच्या आधी दिसते; भारती ब्रेलमध्ये मात्र आधी ‘क’ व मग ‘इ’ असाच क्रम असतो. मराठी अंध विद्यार्थी १९५१ नंतर या उच्चारक्रमाने वाचू-लिहू लागला. हा क्रम ध्यानात ठेवणे जरूर आहे. कारण पुढे संगणकावर मराठी आली, ती प्रथम नेमक्या याच्या उलट क्रमाने आली.

अध्यापनयंत्रे व संगणक : यंत्राच्या साहाय्याने शिकविण्याची कल्पना बी. एफ्. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलेल्या क्रमान्वित अध्ययनाच्या विचारातून पुढे आली. पाठाचे लहान लहान टप्पे पाडावेत, प्रत्येक टप्प्यावर प्रश्न विचारावा व उत्तराचा निकाल तत्काळ कळवावा, हे तिचे सूत्र. इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘प्लेटो’ या प्रणालीने ते संगणकावर आणले. तिच्या १९७२ च्या आवृत्तीत चित्रे दाखविणारा व स्पर्शाला प्रतिसाद देणारा पडदा होता. संगणकाधारित अनुदेशनाची घडण अशा रीतीने आरंभापासून डोळ्यांना गृहीत धरून झाली. वस्तुतः स्किनरच्या सूत्रात चित्राची कोठेही आवश्यकता नव्हती. लहान टप्पा, प्रश्न व तत्काळ उत्तर ही रचना श्रवणाला उलट अधिक सोईची आहे. भारतात शालेय संगणक-साक्षरतेचा पहिला मोठा प्रयोग केंद्र शासनाने १९८४ मध्ये ‘क्लास’ या नावाने हाती घेतला.

अंधांच्या बाजूने पाहता खरा बदल पडदावाचक आज्ञावलीमुळे झाला. पडद्यावरील मजकूर कृत्रिम वाचेत बोलून दाखविणारी अथवा ब्रेलपट्टीवर उमटविणारी ही आज्ञावली होय. अपघातात दृष्टी गमावलेला अमेरिकन अभियंता टेड हेन्टर याच्या कंपनीने १९८९ मध्ये ‘जॉज’ ही पडदावाचक आज्ञावली बाजारात आणली. विंडोजसाठीची तिची आवृत्ती १९९५ मध्ये निघाली. तिची किंमत हजारो रुपयांच्या घरात असल्याने भारतात ती मुख्यतः मोठ्या शहरांतील संस्थांपुरती राहिली. मुंबईच्या सेंट झेव्हियर्स महाविद्यालयात दृष्टिहीनांसाठीचे साधनकेंद्र २००३ मध्ये सुरू झाले. लातूरच्या विद्यार्थ्याला मुंबईचे अंतर सुमारे ५०० किमी. पडत असे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ मध्ये ‘एनव्हीडीए’ या आज्ञावलीचे काम सुरू केले. ती विनामूल्य असून तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवून कोणत्याही संगणकावर चालविता येते. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने वाचेच्या गुणवत्तेपेक्षाही या गोष्टीचे मोल अधिक होते. पडदावाचक तो स्वतःच्या खिशातून केंद्रावर नेऊ शकला.

अक्षरांचा प्रश्न : पडदावाचक आला, तरी त्याला मराठी वाचता येईना. याचे कारण आवाजात नव्हते. ते मजकुरात होते. संगणकावर मराठी छपाईची निकड १९८० नंतर निर्माण झाली, तेव्हा रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीचे आकार बसविलेले फाँट वापरात आले. पडद्यावर व कागदावर अक्षर मराठी दिसे. संगणकाच्या स्मृतीत मात्र रोमन अक्षरे व चिन्हे यांची सरमिसळ असे. शिवाय मजकूर डोळ्यांना दिसणाऱ्या क्रमाने साठविला जाई. १९९३ च्या भूकंपामुळे ज्या गावाचे नाव सर्वदूर पोचले, त्या ‘किल्लारी’ या शब्दाचे उदाहरण घेता येईल. अशा फाँटमध्ये आधी ऱ्हस्व वेलांटी, मग ‘क’, मग अर्ध्या ‘ल’चा आकार, असे तुकडे एकामागून एक येत व प्रत्येक तुकड्याखाली कोणते तरी रोमन चिन्ह असे. पडदावाचक ते रोमन चिन्ह वाची. डोळसाला निर्दोष वाटणारे पान अंधाच्या कानी निरर्थक इंग्रजी अक्षरांची माळ होऊन पडे. दोन फाँटांचे संकेतही परस्परांशी जुळत नसत, त्यामुळे ब्रेल मुद्रणासाठी मजकूर रूपांतरित करतानाही प्रत्येक फाँटसाठी निराळी कोष्टके तयार करावी लागत.

यावर उपाय भारतात पूर्वीच निघाला होता, हे येथे नमूद करणे अवश्य आहे. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही प्रमाण संकेतप्रणाली १९८८ मध्ये तयार झाली व १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राचा (सी-डॅक) या कामात मोठा वाटा होता. तिच्यात अक्षरे उच्चारक्रमाने साठविली जातात. हाच क्रम १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने स्वीकारला. म्हणजेच १९५१ च्या भारती ब्रेलने घेतलेला निर्णय व चाळीस वर्षांनंतर संगणकतज्ज्ञांनी घेतलेला निर्णय एकच होता. मधल्या काळातील व नंतरही वर्षानुवर्षे चाललेली छपाई मात्र आकारक्रमाने झाली. कारण मजकूर तयार करणाऱ्यांपैकी बहुतेकांपुढे कागद होता, कान नव्हता.

युनिकोड लगेच रुळला नाही. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली; विंडोज एक्सपीमध्ये ती मुळात बंद असे व तबकडीवरून मुद्दाम बसवावी लागे. मराठीच्या काही गरजा तर आणखी उशिरा भागल्या. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. कळफलकाच्या बाबतीत मात्र अंधांना एक लाभ झाला. शासनाने प्रमाण केलेल्या ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलकावर स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला येतात. ज्या कळीवर ‘क’ तिच्यावरच शिफ्टसह ‘ख’, ज्या कळीवर ‘ग’ तिच्यावरच ‘घ’, असा महाप्राण वर्णांचा नियम आहे. आकार पाठ न करता वर्णमाला पाठ असणाऱ्यास तो सहज साधतो. ब्रेल शिकलेल्या विद्यार्थ्यास तर तो ओळखीचाच वाटतो. जुन्या टंकलेखनयंत्राच्या मराठी कळफलकावर अक्षरांचे आकार तुकड्यातुकड्यांनी जुळवावे लागत. त्यामागे वर्णमालेचा असा नियम नव्हता.

मराठी वाचेचे काम मुक्त स्वरूपाच्या ‘ईस्पीक’ या वाचासंश्लेषकाने प्रथम व्यापक प्रमाणावर केले. त्याचा आवाज यांत्रिक आहे व मराठी उच्चाराच्या काही खाचाखोचा कृत्रिम वाचेला अद्यापि अवघड जातात. संख्यावाचक ‘चार’ व गाईला ‘चार’ या आज्ञेतील ‘चार’ हे लिहिण्यात एकच असून उच्चारात भिन्न आहेत. ‘जग’ म्हणजे विश्व व ‘जग’ म्हणजे जिवंत राहा यांचेही तसेच. लेखनात न दाखविलेला हा भेद यंत्राला संदर्भावरूनच ओळखावा लागतो. अर्थात सरावलेला श्रोता अशा चुका मनातल्या मनात दुरुस्त करतो. निरर्थक संकेतांची दुरुस्ती त्याला करता येत नाही.

अभ्यासक्रमाची मांडणी : महाराष्ट्रात संगणक-शिक्षणाचा सार्वत्रिक प्रसार महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन या शासनाने २००१ मध्ये उभारलेल्या कंपनीच्या ‘एमएस-सीआयटी’ या अभ्यासक्रमामुळे झाला. राज्यभर हजारो केंद्रे निघाली; लातूर जिल्ह्यात उदगीर, निलंगा, औसा, अहमदपूर अशा तालुक्याच्या गावीही तो पोचला. शासकीय सेवेतील बहुतेक कार्यालयीन पदांसाठी संगणकाचे असे प्रमाणपत्र आवश्यक ठरले. अपंगांसाठीच्या १९९५ च्या कायद्याने तीन टक्के शासकीय पदे राखीव ठेविली होती व त्यांपैकी एक टक्का अंध व मंददृष्टी व्यक्तींसाठी होता. राखीव जागेवर हक्क कायद्याने दिला, पण तिच्या दाराशी संगणकाचे प्रमाणपत्र उभे राहिले. ते मिळविण्याची वाट सुगम नसेल, तर हक्क कागदावरच राहणार. संगणकीय अभ्यासक्रमाची सुगमता हा सोईचा प्रश्न न राहता उपजीविकेचा प्रश्न झाला, तो या ठिकाणी.

सर्वसाधारण संगणक-अभ्यासक्रमात प्रात्यक्षिक चित्रफितीने दाखविले जाते : बाण अमुक ठिकाणी नेला, तेथे क्लिक केले, खिडकी उघडली. निवेदक ‘येथे क्लिक करा’ म्हणतो. ‘येथे’ म्हणजे कोठे, हे केवळ चित्रात असते. सुगम पाठात हेच वाक्य ‘आल्ट व एफ या कळा एकदम दाबा, खालच्या बाणाने तिसऱ्या ओळीवर जा व एंटर दाबा’ असे लिहावे लागते. म्हणजे केवळ वाक्य बदलत नाही, संगणकाची शिकवणच बदलते. डोळस विद्यार्थी पडद्याचा नकाशा शिकतो, तर अंध विद्यार्थी क्रम शिकतो. एकदा क्रम पक्का झाला, की त्याचा वेग डोळस विद्यार्थ्यापेक्षा कमी असतोच असे नाही. कळफलकावरील हात उचलून माऊसकडे न्यावाच लागत नाही.

पाठाच्या आत फिरण्याची सोय हा पुढचा भाग. पुस्तक चाळताना डोळा मथळ्यांवरून सरकतो. पडदावाचकात ‘एच’ ही कळ दाबली, की पुढचे शीर्षक, ‘के’ने पुढचा दुवा व ‘बी’ने पुढचे बटन गाठता येते, टॅब कळीने एका क्रियास्थानावरून दुसऱ्यावर जाता येते. मात्र यासाठी पाठ तयार करणाऱ्याने शीर्षकाला शीर्षक म्हणून चिन्हांकित केलेले असावे लागते. नुसते अक्षर मोठे व जाड करून भागत नाही; ते जाडपण कानाला ऐकू येत नाही. चित्रमय बटनाला नाव दिले नसेल, तर पडदावाचक केवळ ‘बटन’ एवढेच बोलतो. पानावर अशी पाच बटने असली, तर विद्यार्थ्याला पाच वेळा ‘बटन’ ऐकू येते व पुढचा पाठ कोणत्या बटनामागे आहे याचा अंदाज बांधत बसावे लागते. उत्तरे माऊसने ओढून योग्य जागी टाकण्याचे प्रश्न, नोंदणीच्या वेळी वेडीवाकडी अक्षरे ओळखण्याची अट व ठरावीक सेकंदांनी आपोआप पुढे सरकणारे पान हे अडथळे नेहमी आढळणारे आहेत.

आणखी एक अडचण सहसा ध्यानात येत नाही. पाठातील निवेदकाचा आवाज व पडदावाचकाचा आवाज एकाच वेळी सुरू होतात. डोळस रचनाकार पान उघडताच निवेदन सुरू करतो व ते सौजन्य समजतो. अंध विद्यार्थ्याला मात्र निवेदन थांबविण्याचे बटन शोधण्यासाठी पडदावाचक ऐकावा लागतो आणि निवेदनामुळे तोच ऐकू येत नाही. कंट्रोल कळ दाबली, तर पडदावाचक गप्प होतो, निवेदक नव्हे. यावर उपाय अगदी साधा आहे : निवेदन आपोआप सुरू होऊ नये.

परीक्षेच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर होतो. परीक्षेच्या संगणकावर बाहेरची आज्ञावली चालू नये, अशी तजवीज सुरक्षेसाठी केली जाते; तिच्यात पडदावाचकही अडकतो. मग वर्षभर स्वतंत्रपणे शिकलेल्या विद्यार्थ्यास परीक्षेच्या दिवशी लेखनिकाच्या आधारे उत्तरे द्यावी लागतात. केंद्र शासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी लेखनिक, दर तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ व संगणकावर परीक्षा देण्याचा पर्याय मान्य केला. यांपैकी लेखनिकाची सोय केंद्रचालकाच्या सहज अंगवळणी पडली. संगणकाचा पर्याय आधी यंत्र तपासून सिद्ध करावा लागत असल्याने मागे पडला. संगणक वापरता येतो किंवा नाही याचीच जी परीक्षा, ती दुसऱ्याच्या हाताने द्यावी लागणे ही विसंगती उघड आहे.

मानके व कायदे : वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने संकेतस्थळांच्या सुगमतेविषयीची पहिली तत्त्वे १९९९ मध्ये व त्यांची सुधारित आवृत्ती २००८ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या आधारे भारत शासनाने शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शिका काढली. माहिती तंत्रज्ञानाच्या उत्पादनांसाठी व सेवांसाठी ‘आयएस १७८०२’ हे भारतीय मानक २०२१–२२ मध्ये दोन भागांत आले. पुस्तकांच्या बाबतीत २०१२ ची कॉपीराइट कायद्याची दुरुस्ती महत्त्वाची होय. तिने अपंगांसाठी सुगम स्वरूपात प्रती करण्यास मुभा दिली. मराकेश येथे २०१३ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराला अनुसमर्थन देणारा भारत हा पहिला देश ठरला (२०१४). ‘सुगम्य पुस्तकालय’ हे संगणकीय ग्रंथालय २०१६ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षीच्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने आरक्षण चार टक्क्यांवर नेले आणि माहिती व संपर्क तंत्रज्ञान सुगम करण्याचे दायित्व शासनावर टाकले. कोविडच्या साथीत शाळा संगणकावर व भ्रमणध्वनीवर भरू लागल्यानंतर शिक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये अपंग मुलांसाठीच्या इलेक्ट्रॉनिक पाठांची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग डिसेंबर २०२२ मध्ये स्थापन झाला. सुगमतेचे नियम केवळ शिफारशींच्या स्वरूपात ठेवता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. एप्रिल २०२५ मध्ये संगणकीय सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे त्याने म्हटले.

लातूर व नांदेड : लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातून वेगळा झाला. दहावी-बारावीच्या परीक्षांसाठी लातूर, नांदेड व धाराशिव हे जिल्हे लातूर विभागीय मंडळाखाली येतात. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे (स्थापना १९९४) उपकेंद्र लातूर येथे आहे आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे एक विभागीय केंद्र नांदेडला आहे. घरी राहून शिकण्याची मुक्त विद्यापीठाची पद्धती, प्रवासाची अडचण असणाऱ्या अंध विद्यार्थ्यास मुळातच अनुकूल होय. तिचे पाठ युनिकोडमध्ये व शीर्षकांसह मिळाले, तर तो ते कोणत्याही गावी वाचू शकतो. पानांची छायाचित्रे काढून तयार केलेल्या फायली मात्र पडदावाचकाला कोरीच वाटतात. अनेक जुनी मराठी पाठ्यपुस्तके अशाच रूपात संगणकावर आली आहेत व त्यांवर अक्षरओळखीची प्रक्रिया करून मजकूर तपासून घ्यावा लागतो.

लातूरची ख्याती ‘लातूर पॅटर्न’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अध्यापनपद्धतीमुळे झाली. प्रश्नसंचांचा अखंड सराव हा तिचा गाभा असून विज्ञान शाखेकडे तिचा ओढा आहे. तत्त्वतः प्रश्नसंचांचा सराव संगणकावर सुगम करण्यास सर्वांत सोपा. स्किनरचे लहान टप्पे ते हेच. प्रत्यक्षात गणित, भौतिकी व रसायन यांतील सूत्रे बहुधा चित्ररूपाने छापली जातात व पडदावाचक त्यांच्यापाशी अडखळतो. गणिती चिन्हांसाठी ब्रेलमध्ये अब्राहम नेमेथ या अंध गणितज्ञाची संहिता १९५२ पासून उपलब्ध आहे आणि संगणकासाठी ‘मॅथएमएल’ ही लेखनपद्धती १९९८ मध्ये आली. त्या पद्धतीने लिहिलेले सूत्र पडदावाचक पायरीपायरीने उलगडून सांगू शकतो. मात्र अपूर्णांक, वर्गमूळ, घातांक यांचा क्रम मराठीत कसा बोलावा याचे प्रमाणीकरण भाषेच्या अंगाने करावे लागते. ‘अ अधिक ब छेद क’ असे म्हटले, तर छेद केवळ ‘ब’ला लागू आहे की सबंध बेरजेला, हे ऐकणाऱ्यास कळत नाही, वर्गात शिक्षक फळ्यावर रेघ ओढतो, तेव्हा हा प्रश्न उद्भवत नाही.